नायकी की नीके?

एका वाचकाने विचारले आहे की बूट तयार करणाऱ्या प्रसिद्ध अमेरिकन कंपनीचे नाव मराठीत ‘नाईक’, ‘नाइके’ आणि ‘नायकी’ असे तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते, तर त्यांपैकी योग्य कोणते, आणि ज्या ग्रीक देवतेवरून ते घेतले तिचे नावही तसेच लिहावे का?

माझ्या मते कंपनी ‘नायकी’ आणि देवता ‘नीके’, असे दोन वेगळे शब्द मानावेत. ग्रीक भाषेत ‘नीके’ हे विजयाच्या पंखधारी देवतेचे विशेषनाम आहे आणि ‘विजय’ या अर्थाचे सामान्यनामही तेच आहे. प्राचीन उच्चारात त्यातला ईकार दीर्घ होता आणि शेवटी दीर्घ एकार होता. पुढे त्या एकाराचाही ईकार झाल्यामुळे आजचे ग्रीक लोक ‘नीकी’ म्हणतात. इंग्रजीत दीर्घ ईकाराचा ‘आय’ होण्याचे जे मोठे स्वरांतर काही शतकांपूर्वी घडले, त्याच वळणाने ‘नायकी’ हा उच्चार आला आहे. शेवटचा स्वर गाळून ‘नाइक’ म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि आपल्याकडे नाईक हे आडनाव घरोघरी ओळखीचे असल्याने रोमन अक्षरे पाहताच तेच तोंडी येते.

१९६४ मध्ये ‘ब्लू रिबन स्पोर्ट्स’ या नावाने सुरू झालेल्या या कंपनीला १९७१ मध्ये जेफ जॉन्सन या कर्मचाऱ्याने हे नाव सुचवले. त्याच वर्षी कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने अवघ्या ३५ डॉलरमध्ये कंपनीचे बोधचिन्ह काढून दिले, ज्यात अनेकांना देवतेचा पंख दिसतो. ‘नायकीचे बूट’ म्हणताना मात्र विजयाचा अर्थ कोणाच्या मनात नसतो. तेथे नाव केवळ ध्वनी म्हणून उरते, म्हणून कंपनी स्वतः करते तोच उच्चार घ्यावा. राग नायकी कानड्यातील ‘नायकी’शी घोटाळा होईल ही शंका मला पटत नाही, कारण संदर्भ पुरेसा बोलका असतो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील, सामोथ्रेस या ग्रीक बेटावरच्या नीकेच्या मूर्तीला किंवा अथेन्सच्या अक्रोपोलिसवरील देवळातील देवतेला ‘नायकी’ म्हणणे मात्र खटकते. या देवतेची आपल्या भूमीशी ओळखही जुनी आहे. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातील इंडो-ग्रीक राजा अँटिअल्किडस याच्या चांदीच्या नाण्यावर सिंहासनस्थ झ्यूसच्या हातावर चिमुकली नीके उभी आहे. नाण्याच्या एका बाजूस राजाचे ‘निकेफोरोस’, म्हणजे विजय धारण करणारा, हे ग्रीक बिरुद आहे, आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत, प्राकृतात, त्याच बिरुदासाठी ‘जयधरस’ असे कोरलेले आहे. त्या अनुवादकाने ‘नीके’चा ध्वनी उतरवला नाही, त्याने थेट ‘जय’ हा शब्द घेतला.