ग्रँटच्या अर्जात प्राण्यांबद्दल नेमकं काय लिहायचं?

तुम्ही विचारलंय की मधुमेहावर वनस्पतीच्या अर्काचं काम विस्टार रॅट्सवर (प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक जात) करायचंय आणि ग्रँटच्या अर्जात "एथिक्स कमिटीची परवानगी घेतली जाईल" एवढं एक वाक्य लिहिलं तर चालेल का. नाही चालत. मी इथे सोलापुरात फार्मसी कॉलेजला फार्माकॉलॉजी शिकवते, मुलांचे असे अर्ज नेहमी वाचते, आणि खरं सांगते, प्रोजेक्टचा विचार झालाय की नाही ते प्राण्यांच्या भागातच कळतं.

सगळ्यात आधी आकडा. "प्रत्येक ग्रुपमध्ये ६ रॅट्स" असं सगळे लिहितात, पण ६ का? मागच्या पेपरात ६ होते म्हणून, हे कारण नाही. आधीच्या कामातून शुगरचा फरक आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते) मिळत असेल तर पॉवर अ‍ॅनालिसिस करा, म्हणजे तो फरक दिसायला किती प्राणी लागतील ते गणिताने काढा. काहीच मिळत नसेल तर रिसोर्स इक्वेशन वापरा: एकूण प्राणी वजा ग्रुपची संख्या, उत्तर १० ते २० च्या मध्ये यायला हवं. ४ ग्रुप आणि ६ रॅट्स असतील तर २४ वजा ४ म्हणजे २०, बसलं. पण ५ ग्रुप केले की ३० वजा ५ म्हणजे २५, म्हणजे तिथे ५-५ च पुरतात आणि ५ जीव वाचतात. हे गणित अर्जात उघड लिहा.

स्ट्रेप्टोझोटोसिन (रॅट्सना मधुमेह व्हावा म्हणून देतात ते रसायन) दिल्यावर काही रॅट्स दगावतात, काहींची शुगर चढतच नाही, त्यासाठी जादा किती घेणार आणि का तेही लिहा. आणि तोच आकडा फॉर्म बी मध्ये, म्हणजे परवानगीसाठी एथिक्स कमिटीला द्यायच्या फॉर्ममध्ये टाका. माझ्या पहिल्या प्रोजेक्टला अर्जात ३० होते आणि फॉर्म बी मध्ये जादाचे धरून ३६, कमिटीने परत पाठवला आणि पुढच्या मीटिंगपर्यंत थांबावं लागलं. चूक माझीच होती.

दुसरं, प्राणीच का. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी तीन आर मांडले, म्हणजे पर्याय वापरा (रिप्लेसमेंट), संख्या कमी करा (रिडक्शन), त्रास कमी करा (रिफाइनमेंट), आपल्याकडे पुनर्वसनाचा (रिहॅबिलिटेशन) चौथाही धरतात. पण नुसती नावं लिहून काय उपयोग? तुम्ही अल्फा अमायलेज, अल्फा ग्लुकोसायडेज या पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइम्सवरच्या, प्राण्यांशिवाय होणाऱ्या टेस्ट आधी करा, सगळे अर्क त्यातून गाळा आणि जो खरंच चालतो तोच रॅट्सवर न्या. हेच लिहा, की एवढे अर्क होते, त्यातला एकच प्राण्यांपर्यंत आला.

त्रासाबद्दल मात्र मनापासून लिहा हो. स्ट्रेप्टोझोटोसिननंतर पहिल्या दिवशी शुगर एकदम खाली जाते म्हणून ग्लुकोजचं पाणी ठेवतात, नंतर रॅट्स खूप पाणी पितात, खूप लघवी करतात, पिंजऱ्यात अंथरलेलं बेडिंग ओलं होतं, ते नेहमीपेक्षा जास्त वेळा बदलावं लागतं. याचे पैसे बजेटमध्ये धरलेत का? वजन २० टक्क्यांनी घटलं तर त्या प्राण्याला प्रयोगातून काढणार असं लिहिलंत, तर रोज वजन कोण करणार, रविवारी कोण येणार, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या सुट्टीत कोण, तेही ठरवून लिहा.

अजून एक आपल्या सोलापूरचं. एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४० च्या वर जातो आणि अ‍ॅनिमल हाऊस १८ ते २९ डिग्रीत ठेवायचं असतं, म्हणजे लाइट गेली तर एसी कशावर चालणार ते बॅकअप अर्जातच दाखवा, नाहीतर प्रयोग पावसाळ्यानंतर ठेवा. तापलेल्या पिंजऱ्यातल्या रॅटच्या शुगरवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आणि परवानगीचं पत्र हातात आल्याशिवाय एकही रॅट आणू नका, घ्यायचे ते रजिस्टर्ड ब्रीडरकडूनच. फॉर्म बी चा ड्राफ्ट झाला की इथेच टाका, आकडे मी बघून देते.