सुंगटं लाल का होतात?

प्रश्न: मुलगा अकरावी सायन्सला आहे. प्रोटीनची प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, क्वाटर्नरी रचना घोकून पाठ झालीय, ‘रचनेवर काम ठरतं’ हे वाक्यही पेपरात लिहून येतो, पण म्हणजे काय विचारलं की गप्प. मलाही सांगता येईना. आणि माझी एक शंका, शिजवल्यावर प्रोटीन मरतं म्हणतात, मग हुमणातली (माशांच्या कालवणातली) सुंगटं, म्हणजे कोळंबी, खाऊन फायदा काय? (एक आई, म्हापसा)

उत्तर: ताई, पोराला पुस्तक मिटायला सांगा आणि सुंगटं साफ करताना शेजारी बसवा. कच्च्या सुंगटाचं कवच राखाडी-निळसर दिसतं ना, आणि कढईत पडलं की दोन मिनिटांत नारिंगी-लाल. तो लाल रंग बाहेरून येत नाही, आधीपासून आतच असतो, त्याचं नाव ॲस्टाझॅन्थिन, गाजराच्या रंगाचा भाऊबंद. पण क्रस्टासायनिन नावाच्या प्रोटीनच्या घडीत तो असा काही जखडलेला असतो की लाल न दिसता निळा दिसतो. उष्णतेने घडी विस्कटते, रंग सुटतो आणि खरा लाल दिसायला लागतो. गंमत म्हणजे प्रोटीनची साखळी तुटलेली नसते, अमिनो ॲसिडचे मणी त्याच क्रमाने ओवलेले असतात, फक्त घडी गेली आणि घडीबरोबर निळं करायचं कामही गेलं.

त्यामुळे तुमची शंकाही मिटली. ‘मरतं’ म्हणजे घडी मोडते, बाकी काही नाही. पोटात गेल्यावर आपण ती साखळी तोडून मणीच वापरतो, तेव्हा हुमण बिनधास्त खा.

आता पोराने घोकलेल्या रचनेच्या चार पायऱ्या. मण्यांचा क्रम ही पहिली, साखळीला जागोजागी पडलेले पीळ आणि पट्ट्या ही दुसरी, सगळ्याची मिळून झालेली घडी तिसरी, आणि अशा दोन-चार साखळ्या एकत्र आल्या तर चौथी. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रोटीनमध्ये चार साखळ्या असतात. त्यातल्या बीटा साखळीत 146 मणी, आणि सिकल सेलच्या आजारात त्यातला फक्त सहावा बदललेला असतो, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. व्हॅलिनला पाण्याचं वावडं, त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि रक्तातली गोल लाल पेशी कोयत्यासारखी वाकडी होते. एका मण्यामुळे एवढं रामायण!

घडी घालायला कोणी शिकवतं का, तर नाही, बऱ्याचदा ती मण्यांच्या क्रमातच लिहिलेली असते. अ‍ॅनफिन्सन या शास्त्रज्ञाने 124 मण्यांचं रायबोन्यूक्लिएज नावाचं एन्झाइम केमिकल घालून पूर्ण उलगडलं, मग केमिकल काढून टाकलं तर ते आपोआप परत घडीत आलं आणि कामही करायला लागलं, 1972 चं नोबेल त्यावरच. मग उकडलेलं अंडं परत पातळ का होत नाही? कारण तिथे गर्दी फार, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात, मांजराने खेळलेल्या लोकरीसारख्या.

आणि मद्रासचे शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांचं नाव पोराला जरूर सांगा, साखळी कुठल्या कोनात वळू शकते आणि कुठल्या नाही याचा त्यांचा 1963 चा नकाशा जगभर वापरतात, आपल्याकडे मात्र एका मार्काच्या प्रश्नापुरताच.

घरी करून बघायचं तर सोललेलं सुंगट लिंबाच्या रसात थोडा वेळ ठेवा. गॅस न पेटवता मांस पांढरं, घट्ट होतं, आंबटानेही घडी मोडते. फक्त ते तसंच तोंडात टाकू देऊ नका, लिंबाने जंतू मरतीलच असं नाही, नंतर कढईत टाकाच.