आत्मचरित्र त्याचं, पण रिहॅबची पानं माझी आहेत, थांबवता येतील का?

प्रश्न थोडक्यात असा: हे वाचक एका रॉक बँडमध्ये बरीच वर्षं बेस गिटार वाजवायचे, मग बँड फुटला, आणि आता व्होकलिस्टचं आत्मचरित्र येतंय. छपाईला जायच्या आधीच त्यातली दोन प्रकरणं कोणीतरी यांना व्हॉट्सॲपवर पाठवली. एका शोमध्ये हे नशेत स्टेजवर कोसळले तो प्रसंग त्यात आहे, मग रिहॅबमध्ये भरती झाले ते, भरती व्हायच्या आदल्या रात्री व्होकलिस्टला पाठवलेले लांबलचक मेसेज जसेच्या तसे, तेव्हाच्या मैत्रिणीबद्दल अख्खं एक पान, आणि वर बँडच्या पैशात यांनी हात मारला असा आरोप. घरी बायकोला रिहॅबचं माहीत आहे, मुलांना नाही. यांना पुस्तकच बंद पाडायचंय.

नमस्कार. आधी नावडतं तेच बोलतो, अख्खं पुस्तक बंद पाडायचा विचार सोडा. कोर्टात जाऊन सगळ्या पुस्तकावर स्टे मागितलात तर पहिल्याच तारखेला समोरचा वकील म्हणणार की माझ्या अशिलाने स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहायचंच नाही का, आणि त्याचं काही चुकलं असं जजला वाटणार नाही. काही मोजकी पानं मागितलीत तर मात्र तुमची बाजू बरीच भक्कम आहे.

खुशवंत सिंग यांच्या आत्मचरित्राचं प्रकरण बघा. मेनका गांधी त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, 1995 मध्ये अंतरिम मनाई मिळाली सुद्धा, पण 2001 मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने ती उठवली, बदनामी झाली असं वाटत असेल तर नंतर नुकसानभरपाई मागा, असा त्याचा सूर होता. त्या पुस्तकातला मजकूर आधीच एका नियतकालिकात छापून गेला होता हेही तिथे नडलं. आणि आता तर सुप्रीम कोर्टाने मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात बजावलंय की सुनावणी व्हायच्या आधीच मजकुरावर मनाई अपवादानेच द्यायची. त्यामुळे पैशाच्या आरोपावर मनाई मिळेल या भरवशावर राहू नका. तो बदनामीचा विषय आहे, आणि दिवाणी बदनामीत ‘हे खरं आहे’ हा पूर्ण बचाव आहे, मग सगळा जुना हिशेब कोर्टात उघडावा लागेल. बँकेचे स्टेटमेंट, शोचे पेमेंट, काय असेल ते आत्ताच शोधून ठेवा. छापून आल्यावर दावा लावायला फक्त एक वर्ष मिळतं, वकील शोधण्यातच सहा महिने घालवणारे लोक मी पाहिलेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली फौजदारी तक्रारही करता येते, पण जुन्या मित्राला आरोपी करून पुढची कित्येक वर्षं तारखांना उभं राहायची हौस असेल तरच.

खासगीपणाची गोष्ट वेगळी आहे, आणि इथेच तुमचा जोर आहे. गंमत म्हणजे आपल्याकडे याचा पाया ज्या केसने घातला तीही आत्मचरित्राचीच, ऑटो शंकर नावाच्या फाशीच्या कैद्याचं आत्मचरित्र एका तमिळ नियतकालिकाला छापायचं होतं. सुप्रीम कोर्टाने 1994 मध्ये आर. राजगोपाल प्रकरणात सांगितलं की माणसाचं घर, लग्न, कुटुंब याबद्दल त्याच्या संमतीशिवाय लिहिता येत नाही, मग ते खरं असो की खोटं, कौतुक असो की टीका. सार्वजनिक रेकॉर्डवर आलेल्या गोष्टी त्यातून सुटतात, आणि जो स्वतःहून वादात उडी घेतो त्याचंही वेगळं. पुढे 2017 मध्ये पुट्टास्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे पक्कं केलं. म्हणजे पैशाच्या बाबतीत ‘खरं आहे’ हे सिद्ध केलं की तो सुटेल, रिहॅबच्या बाबतीत ते म्हणून सुटणार नाही.

आता पानं एकेक करून बघू. स्टेजवर कोसळल्याचं विसरा, ते शेकडो लोकांनी पाहिलंय, कोणाच्या तरी मोबाईलमध्ये व्हिडिओ पण असेल. बँडमधली भांडणं, कोणी कोणाला काय शिव्या घातल्या, तेही त्याचं तितकंच तुमचं, सोडून द्या.

रिहॅबचं प्रकरण मी दोनदा वाचलं. त्यात गेटवर बॅग तपासतानाचं वर्णन आहे, बेल्ट काढून घेतला, गिटारचा पट्टा पण काढून घेतला आणि तुम्ही तो परत मागत होतात. लिहिलंय चांगलं, खोटं कशाला बोलू. पण हे त्याला दिसलं कसं? तुम्ही विश्वासाने त्याला सोबत नेलंत म्हणून. इंग्लंडमध्ये अगदी अशीच केस झाली होती, लोरीना मॅकेनिट या कॅनेडियन गायिकेच्या जुन्या मैत्रिणीने तिच्यावर पुस्तक लिहिलं, त्यात तिची तब्येत, होणारा नवरा बुडून गेला तेव्हाचं दुःख, असं सगळं. मैत्रीण म्हणाली हा माझाही अनुभव आहे. 2006 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ते मानलं नाही, मैत्रीच्या विश्वासात कळलेलं खासगीच राहतं म्हणाले, पण मनाई ठराविक मजकुरावरच राहिली हे नीट लक्षात घ्या. इंग्लंडचा निकाल इथे बंधनकारक नाही, पण आमच्या कोर्टात असे निकाल दाखवले जातात. शिवाय आपला मानसिक आरोग्य कायदा 2017 चा, त्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे त्रास पण धरलेत, आणि कलम 24 म्हणतं की उपचार घेणाऱ्याची माहिती संमतीशिवाय मीडियाला द्यायची नाही. पुस्तक म्हणजे मीडिया का, आणि हे कलम मित्राला लागू होतं का, यावर समोरचा वकील नक्की भांडेल, भांडू दे, पण उपचारांची माहिती किती नाजूक मानली जाते हे जजला दाखवायला ते उपयोगी आहे.

एकच प्रश्न, आणि खरं सांगा, तुम्ही स्वतः कधी मुलाखतीत किंवा इन्स्टावर रिहॅबबद्दल बोललात का? बोलला असाल तर बाजू बरीच ढिली पडते.

मेसेजच्या बाबतीत तुम्ही सगळ्यात सुरक्षित आहात. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, पण त्यातला मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा, हे कॉपीराइटचं जुनं तत्त्व आहे आणि मेसेजलाही ते लावता येतं. ‘हो’, ‘येतो’ असल्या मेसेजला कॉपीराइट नसतो, पण तुम्ही त्या रात्री लिहिलंय ते दोन-दोन स्क्रीन भरून आहे. तो ‘फेअर डीलिंग’ म्हणेल, म्हणजे काही कारणांसाठी दुसऱ्याचा मजकूर परवानगीशिवाय वापरायची कायद्यातली सूट, पण कधीच न छापलेले खासगी मेसेज अख्खेच्या अख्खे उतरवून घेणं त्यात बसवणं अवघड आहे. सारांश स्वतःच्या शब्दात लिहिला तर कॉपीराइट लागत नाही, मग परत खासगीपणावर यावं लागेल.

नोटीस दोघांना पाठवायची, लेखकाला आणि प्रकाशकाला, आणि प्रकाशकाचीच जास्त महत्त्वाची. लेखक इगोवर जातो, प्रकाशकाला छापलेल्या प्रती गोदामात अडकायची भीती असते. नोटिशीत धमक्या नकोत. पान अमुक, परिच्छेद तमुक, हे काढा किंवा त्याऐवजी असं लिहा, असं सरळ लिहायचं. उदाहरणार्थ रिहॅबच्या सगळ्या पानांऐवजी ‘तो काही महिने आजारी होता, आम्ही दुसरा बेसिस्ट घेऊन शो केले’, झालं, त्याच्या गोष्टीचं काही अडत नाही. अशी नोटीस नाकारून ते छापायला गेले तर तुम्ही कोर्टात समंजस दिसता, ते आडमुठे दिसतात. उत्तराला सात दिवस द्या, जास्त नको. छापून दुकानात गेलं की मनाईचा अर्धा अर्थ संपतो. आणि ती प्रकरणं तुम्हाला कोणी पाठवली ते कोर्टात विचारतील, तो फॉरवर्ड डिलीट करू नका.

दरम्यान फेसबुकवर, बँडच्या फॅन ग्रुपवर, कुठेही या विषयावर एक ओळ लिहू नका. रागाच्या भरात ‘माझ्या रिहॅबवर पैसे कमावतोय’ असं टाकलंत की तुम्हीच ते सार्वजनिक केलंत.

जुन्या बँड ॲग्रीमेंटमध्ये गोपनीयतेचा क्लॉज आहे का तेही बघा, असला तर काम खूप सोपं होईल, पण बहुतेक बँडचं ॲग्रीमेंटच नसतं.

त्या मैत्रिणीबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय, पण तिची केस तुमच्यापेक्षा मजबूत आहे. ती ना बँडमध्ये होती ना स्टेजवर, आणि तरी नावानिशी एक पान. तिच्या वतीने तुम्हाला दावा लावता येणार नाही, तो तिचाच हक्क. तिचा संपर्क असेल तर नोटीस जायच्या आधी तिला कळवा, ती वेगळी नोटीस पाठवेल किंवा पाठवणार नाही, ते तिला ठरवू द्या. पण ते पान तिला न दाखवता तुमच्या नोटिशीत जोडू नका.