इटलीच्या उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने या डोंगरी गावाचा इतिहास काय? टस्कनीतलं सॅन जिमिन्यानो सोडून तिथे जाण्यासारखं आहे का?

जा. तुमच्याकडे एकच मोकळा दिवस आहे आणि सॅन जिमिन्यानो की मोंतोने असा प्रश्न पडलाय, असं तुम्ही लिहिलंय. सॅन जिमिन्यानोचे मनोरे सुंदर आहेत, पण ते बघायला अख्खं जग येतं. मोंतोनेला मराठी माणसाने जायला हवं आणि नेमका तोच जात नाही.

आधी तुम्ही विचारलेला इतिहास. पेरुजाच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, टेकडीच्या माथ्यावर हे गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास. तट, वेशी, आत दगडी बोळ आणि पायऱ्या. या भागातली जुनी गावं टेकडीवर का बसली हे तिथल्या तटावर उभं राहिलं की आपोआप कळतं, खोऱ्यातून येणारा माणूस तासभर आधी दिसतो. गावाचं नाव इतिहासात आलं ते ब्राच्चो फोर्तेब्राच्चोमुळे. जन्म १३६८चा. घराणं मोंतोनेचं, पेरुजातल्या सत्तेच्या भांडणात हद्दपार झालेलं. पोरगा तलवार घेऊन बाहेर पडला आणि इटलीतल्या नामांकित भाडोत्री सेनापतींपैकी एक झाला. करार करायचा, फौज पुरवायची, ठरलेले पैसे घ्यायचे, हाच धंदा. तो फ्लॉरेन्ससाठी लढला, पोपसाठी लढला, पोपविरुद्धही लढला, नेपल्सच्या राणीच्या चाकरीतही राहिला.

१२ जुलै १४१६ला सांत एजिदिओच्या लढाईत त्याने रिमिनीचा सत्ताधीश कार्लो मालातेस्ता याचा पराभव केला. त्याची पद्धत अशी, की सगळी फौज एकदम झोकायची नाही. लहान तुकड्या आळीपाळीने पुढे जाणार, थकलेली तुकडी मागे येऊन दम खाणार, पाणी पिणार. पाण्याची सोय त्याने आधीच करून ठेवली होती. जुलैच्या उन्हात चिलखतातले शत्रूचे घोडेस्वार तहानेने गळाले. पेरुजा त्याच्या हातात आलं. तिथल्या कॅथेड्रलला लागून त्याने बांधलेल्या कमानी अजून उभ्या आहेत आणि त्रासिमेनो सरोवराचं जादा पाणी काढायला भुयारी कालवाही त्याच्याच काळात झाला. १४२४च्या जूनमध्ये लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन तो मेला. पोप पाचव्या मार्टिनने त्याला बहिष्कृत केलं होतं, म्हणून प्रेत अपवित्र जमिनीत पुरलं गेलं.

ब्राच्चोचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत होता. येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानला जाणारा एक काटा त्याने १४७३ मध्ये गावाला दिला. पुढे त्याने पेरुजावर हात टाकायचा प्रयत्न केला, तेव्हा पोपच्या सैन्याने मोंतोनेला वेढा घातला आणि गढी पाडली. अवशेष दिसतात. पुढची काही शतकं पोपच्या राज्यातलं एक लहान गाव, एवढंच. सान फ्रान्चेस्कोच्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. तिथला बार्तोलोमेओ कापोराली या चित्रकाराचा १४८२चा मिरवणुकीचा निशाणपट चुकवू नका. पायाशी मोंतोने गावच रंगवलेलं आहे.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते.

१० जुलै १९४४ला याच टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले. वय २२. गाव आमच्या माणगाव तालुक्यातलं, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, दहाव्या हिंदी, म्हणजे भारतीय, डिव्हिजनमधली. त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे लहानशा तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन चालली आणि त्यांच्याशिवाय सेक्शनमधला एकही जण मेल्याशिवाय किंवा जखमी झाल्याशिवाय राहिला नाही. ते एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला मारलं. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता. मग टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केलं. मोर्चा घेतला आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले ६ हिंदी सैन्यातल्या शिपायांचे. त्या सहांत दोन मराठे, घाडगे आणि १९४५च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर शौर्य गाजवणारे नामदेव जाधव.

मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून जुलै २०२३ मध्ये गावात घाडगेंचं स्मारक उभारलं. सूर्यघड्याळाच्या रूपात आहे, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाची लॅटिन ओळ त्यावर आहे.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत होते. तेही इटलीत होते, पण आठव्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे घाडगेंच्या बरोबर नव्हेत. आमच्या घरी वरकस जमीन आणि खाणारी तोंडं बरीच. त्या काळी आमच्याकडे थोरला मुंबईला गिरणीत आणि धाकटा पलटणीत, हे बहुतेक घरांत ठरलेलंच असायचं. आजोबा धाकटे. इटली कशी होती असं विचारलं की म्हणायचे, "चिखल. नदी ओलांडली की पुढे दुसरी नदी." तेवढंच. त्यांचं इटली स्टार पदक बिस्किटाच्या डब्यात जमिनीच्या उताऱ्यांबरोबर असायचं. सहा टोकांचा पितळी रंगाचा तारा आणि फीत लाल, पांढरी, हिरवी. ते इटलीच्या झेंड्याचे रंग आहेत हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आजी दसऱ्याला तो डबा कोयत्या-विळ्यांशेजारी पाटावर ठेवायची आणि पदकाला हळदकुंकू वाहायची.

माझे धाकटे दीर इतिहासाचे चांगले वाचक. मी लग्न होऊन आले त्या वर्षीच्या गणपतीत आजोबांचा विषय निघाला आणि ते म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण ही गोऱ्यांची पगारी फौज होती. पोटासाठी गेले, परक्यांसाठी मेले. यात अभिमान कसला?" पंगतीत सासरे होते, मी नवी होते, बोलले नाही. पण ते वाक्य मला कायमचं लागलं. त्यानंतर आमच्यात हा वाद कितीदा झाला असेल. दरवेळी त्यांच्याकडे चार पुस्तकं असायची आणि माझ्याकडे एक डबा.

म्हणून सगळे मिळून इटलीला जायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली, पेरुजाला मुक्काम आणि एक दिवस मोंतोने. भाऊजींनी कुरकुर केली, पण आले. वेशीबाहेर गाडी लावून वर चढलो. संग्रहालयात भाऊजी ब्राच्चोवर खूश. त्याची तुकड्यांची पद्धत, पाण्याची व्यवस्था, सगळं आम्हाला समजावून सांगत होते, मलाही ऐकायला आवडत होतं. तिथून बाहेर पडून सूर्यघड्याळापाशी आलो. घाडगेंचं नाव वाचलं, मी हात जोडले. यजमानांनी फोटो काढला. भाऊजींनी सगळं नीट वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, अशी स्मारकं दोन सरकारांच्या मैत्रीसाठी सोयीची असतात. मूळ प्रश्न तसाच राहतो."

या वेळी मी गप्प बसले नाही. म्हटलं, भाऊजी, आत्ता अर्धा तास तुम्ही ज्याचं कौतुक केलंत तो पैसे घेऊन लढत होता. आज पोपसाठी, उद्या पोपविरुद्ध. तरी या गावाने सहाशे वर्षं त्याचं नाव जपलं, त्याच्या मुलाने दिलेल्या काट्याच्या नावाने दर ऑगस्टला जत्रा भरते. त्याला कुणी विचारत नाही की तू पोटासाठी का लढलास. मग माझ्या आजोबांनाच का विचारता? त्यांनी तर एकाच निशाणाखाली नोकरी केली, घरी मनिऑर्डर पाठवली, शेजारचा पडला तरी जागा सोडली नाही. ब्राच्चो हुशार सेनापती होता म्हणून त्याचा पगार माफ आणि आमचा माणूस शिपाई म्हणून त्याचा पगार गुन्हा, हा न्याय मला मान्य नाही.

भाऊजी म्हणाले, "मुद्दा पगाराचा नाही, कुणासाठी लढले याचा आहे. तेव्हा नेताजी दुसऱ्या बाजूला होते." तेही खरं आहे. पण कुणासाठी याचं एक उत्तर त्या खोऱ्यातच आहे. इटलीने १९४३च्या सप्टेंबरमध्ये शरणागती पत्करली आणि जर्मनांनी देश ताब्यात घेतला. २८ जून १९४४ला, घाडगे पडले त्याच्या दोन आठवडेही आधी नाही, जवळच्याच निकोने खोऱ्यात पेनेतोला इथल्या शेतघरात जर्मन सैनिकांनी १२ गावकऱ्यांना मारलं, घराला आग लावून. त्यांत मुलं होती. दहावी हिंदी डिव्हिजन टायबरच्या काठाने वर सरकत होती ती अशा मुलखातून, आणि प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर जर्मनांची टेहळणी. ब्राच्चोच्या घराण्याला ज्या उंचीने राखलं, तीच उंची आमच्या पोरांच्या जिवावर उठली होती. ती एकेक टेकडी पायी चढून घ्यावी लागली. त्यांना भरती करणारं सरकार कोणाचं होतं हा प्रश्न दिल्ली-लंडनला विचारा. पेनेतोलाच्या शेजारच्या शेतकऱ्यासाठी त्या जुलैत दुसरा कुणी आला नव्हता.

भाऊजींचं मत बदललं नाही. आजही म्हणतात की वहिनी भावनेने बोलतात. पण एक सांगते, त्या दिवसानंतर माझ्यासमोर त्यांनी आजोबांना भाडोत्री म्हटलेलं नाही आणि उतरताना वेशीपाशी त्यांनीच मला विचारलं की आजोबांची नेमकी बटालियन कोणती.

काही गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर उत्तर एकांगी होईल. घाडगेंचं शौर्य या खोऱ्यातलं, स्मारक गावात आहे, म्हणजे मोर्चा याच दगडापाशी होता असं समजू नका. हे खोरं एकट्या मराठ्यांनी घेतलं नाही. गुरखे, बलुच, गढवाली, पंजाबी आणि इंग्रज पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. दोस्तांची बाजू निष्कलंक नव्हती. खाली उंबेर्तिदे गावातला पूल उडवायला दोस्तांच्या विमानांनी २५ एप्रिल १९४४ला बॉम्ब टाकले, त्यात गावातलीच ७० माणसं मेली. आणि ज्या सरकारने आमच्या माणसांना इटलीत नेलं त्याच सरकारच्या राज्यात १९४३ मध्ये बंगालात लाखो लोक उपाशी मेले. भाऊजींचा राग तिथून येतो आणि तो राग मला खोटा वाटत नाही. तो शिपायावर काढू नये एवढंच माझं म्हणणं.

आता केव्हा जावं, कसं जावं, राहावं कुठे, या तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं. ऑगस्टमध्ये जात असाल तर सांता स्पिनाचा, म्हणजे त्या काट्याचा उत्सव साधा. गावाच्या तीन वेशींचे तीन गट पडतात, जुन्या पोशाखात मिरवणुका, धनुर्विद्येच्या स्पर्धा होतात. काट्याचं दर्शन तेव्हा आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी असतं. एरवी गाव शांत असतं, दुपारी बरंच बंद, म्हणून सकाळी पोचा. घाडगेंची कबर शोधू नका, ती नाही. त्यांचं नाव रोमच्या दक्षिणेला कसिनो मेमोरियलवर आहे, ते तुमच्या एका दिवसात बसणार नाही. हिंदी सैनिकांच्या कबरी बघायच्या असतील तर अरेत्झोची युद्ध दफनभूमी त्यातल्या त्यात जवळ, सॅन जिमिन्यानोपेक्षा तिकडे वळा. राहायला हॉटेल कुठलं ते मी सांगू शकत नाही, आम्ही पेरुजात उतरलो होतो. गाडी भाड्याने घ्या, बसच्या भरवशावर निम्मा दिवस जाईल. आणि सासू-सासरे बरोबर असतील तर त्यांना वेशीपर्यंत गाडीने न्या, पुढे चढ आणि पायऱ्या आहेत.