गाणं चढवलं, पैसे कुठे अडले?

(डिजिटल संगीताबद्दल वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाचांना या वेळी उत्तरं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रं थोडक्यात दिली आहेत.)

आमच्या भजनी मंडळाने गेल्या आषाढीला तुकोबांचा एक अभंग स्वतःच्या चालीत रेकॉर्ड केला आणि डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी ॲपवर पोचवणारी कंपनी) सगळ्या ॲपवर चढवला. रीलवर दीड लाख व्ह्यू दिसतात, पण वर्षभरात हाती आले जेमतेम दोनशे रुपये. मधे कुणी पैसे खातंय का? – एक वाचक, परळ

खात असेलच असं नाही. आधी एक तपासा. ती रील उघडा आणि खाली धावणाऱ्या ऑडिओच्या नावावर बोट ठेवा. तिथे गाण्याचं आणि मंडळाचं नाव दिसतंय की ‘ओरिजिनल ऑडिओ’ असं दिसतंय? मंडळाने व्हिडिओ स्वतःच्या आवाजासकट चढवला असेल, तर बहुतेक वेळा दुसरंच असतं. मग ते दीड लाख व्ह्यू डिस्ट्रिब्युटरकडच्या तुमच्या गाण्याशी जोडलेलेच नाहीत. पुढच्या वेळी रील करताना ॲपच्या संगीत-यादीतून आपलंच गाणं शोधून लावा.

आता स्ट्रीमिंगचा हिशेब. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तर एक स्ट्रीम धरतात. २०२४पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नसतील, तर त्या रेकॉर्डिंगवर तिथून पैसा निघत नाही. एका स्ट्रीमचा ठरलेला भावही नाही. वर्गणी आणि जाहिरातींचा महिन्याचा पैसा एका हंडीत पडतो आणि एकूण स्ट्रीममध्ये तुमचे किती, त्या प्रमाणात वाटा मिळतो. आपल्याकडे बहुतेक लोक जाहिराती सोसून फुकट ऐकतात, म्हणून हंडी मोठी दिसली तरी आत लोणी कमीच. शिवाय हिशेब दोन-तीन महिने मागे चालतो. आषाढीचे आकडे गणपतीच्या सुमारास दिसू लागले, तर घाबरू नका.

तुमच्या पत्रातली खरी गोम मात्र पुढे आहे. तुम्ही एकाच खिडकीवर रांग लावली आहे. गाण्यात हक्क दोन असतात: एक रेकॉर्डिंगचा, दुसरा शब्द आणि चालीचा. डिस्ट्रिब्युटर पहिल्याचे पैसे आणतो. दुसऱ्याचे पैसे आयपीआरएस या संस्थेकडून येतात. ती १९६९ची, मुंबईतलीच आहे आणि २०१७पासून कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदलेली आहे. तिथे मंडळाने नव्हे, तर ज्याने चाल बांधली त्या व्यक्तीने संगीतकार म्हणून सभासद व्हायचं. पॅन आणि बँकेचे तपशील द्यायचे आणि मग प्रत्येक गाणं वेगळं नोंदवायचं. नुसतं सभासदत्व घेऊन गाणी न नोंदवणारे खूप आहेत, आणि त्यांना काही मिळत नाही ते त्यामुळेच. शब्द तुकोबांचे, त्यामुळे गीतकाराच्या रकान्यात स्वतःचं नाव घालू नका. चाल चौघांनी मिळून बसवली असेल, तर कुणाचे किती टक्के हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच एका कागदावर लिहून सह्या घ्या. गाणं चालल्यावर ही बोलणी करायला गेलं की मंडळं फुटतात.

कुणी कंपनी ‘सगळे हक्क आमचे’ असा करार पुढे करेल, तेव्हा कॉपीराइट कायद्यातली २०१२ची दुरुस्ती लक्षात ठेवा. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्द-चालीच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही. तो देता येतो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला. गाणाऱ्यांच्या हक्कांसाठी इसाम्रा (आधीची इस्रा) ही संस्था आहे, तिची चौकशी वेगळी करा.

उरल्या नावांच्या गमती. ‘विठ्ठल’ रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. एका गाण्यावर मंडळाचं नाव एका स्पेलिंगने, दुसऱ्यावर दुसऱ्याने गेलं की ॲपवर दोन वेगळे कलाकार तयार होतात आणि स्ट्रीम दोन घरांत वाटले जातात. उलटही होतं. तुमच्याच नावाच्या भलत्या मंडळाच्या पानावर तुमचं गाणं जाऊन बसतं. म्हणून एक स्पेलिंग ठरवा, वहीत लिहा आणि दरवेळी त्या वहीतूनच उतरवा. त्याच वहीत प्रत्येक रेकॉर्डिंगचा आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा कोड लिहून ठेवा. तो गाण्याचा जन्मदाखला. डिस्ट्रिब्युटर बदलाल तेव्हा तोच कोड आणि तीच फाइल द्या. नवा कोड घेतलात तर ॲपच्या लेखी ते नवंच रेकॉर्डिंग ठरतं आणि जुने आकडे मागे राहू शकतात.

डिस्ट्रिब्युटर अमेरिकी असेल तर डब्ल्यू-८ बेन हा करविषयक फॉर्म पॅन घालून भरा. नाही भरला, तर अमेरिकेतून झालेल्या कमाईवर ३० टक्के कापले जातात. भरला तर भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर १५ टक्के.

आणि पुढच्या आषाढीचं गाणं ज्येष्ठ लागता लागता चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी ते तिथे पोचलेलं लागतं. त्यात डिस्ट्रिब्युटरची तपासणी आणि मुखपृष्ठ परत येणं धरून तीन-चार आठवडे हाताशी ठेवलेले बरे. मुखपृष्ठ ३,००० बाय ३,००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा ‘सौजन्य’ नको, नाहीतर परत येणार हे नक्की. स्टुडिओवाल्याला ‘आवाज मोठा कर’ असं सांगू नका. स्पॉटिफाय सर्व गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) या पातळीवर आणून वाजवतं. उणे ८वर दाबून केलेलं गाणं तिथे सहा डेसिबलनी खाली येतं. मोठेपणा जातो आणि दाबल्यामुळे चपटी झालेली पखवाजाची थाप तेवढी राहते.

वडिलांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत गिरगाव-दादरच्या घरगुती बैठका टेप केल्या होत्या. पन्नासेक कॅसेट माळ्यावर होत्या, काहींवर पांढरी पूड दिसते. त्या कॉम्प्युटरवर कशा घ्याव्यात? बाजारात यूएसबीवाला छोटा प्लेअर मिळतो, तो चालेल का? – एक वाचक, विलेपार्ले

तो प्लेअर नको. त्यातली गती डळमळते आणि तंबोऱ्यासारखा अखंड सूर लगेच हेलकावे खाताना ऐकू येतो. चांगल्या कंपनीचा जुना कॅसेट डेक घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा चोरबाजारात शोधा, पण घेताना स्वतःची फालतू कॅसेट घेऊन जा आणि दोन्ही बाजू वाजवून, पुढे-मागे पळवून बघा. मुंबईच्या दमट हवेत आतला रबरी पट्टा चिकट होतो किंवा ताणतो. तो बदलून घेण्याचा खर्च धरूनच भाव करा.

पांढरी पूड म्हणजे बहुधा बुरशी. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, कारण ती हेडला (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटना. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि शेवटी जाणकाराकडून साफ करून घ्या. बाकीच्या माळ्यावरून उतरवून सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात आठवडाभर ठेवा. पावसाळ्यात हे काम काढू नका.

प्रत्येक कॅसेट वाजवण्याआधी खालच्या फटीत बघा. पातळ पत्तीवर फेल्टचा चौकोनी तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. तो निखळलेला असला तर आवाज एकदम बोदा येतो आणि आपण टेपला दोष देतो. मेलेल्या कॅसेटमधून तुकडा काढून तिथे बसवता येतो. मग कॅसेट एकदा टोकापासून टोकापर्यंत पळवून परत आणा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले पदर सुटतात. हेड आणि धातूचा कॅपस्टन (टेप ओढणारी फिरती दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने दर चार-पाच कॅसेटनंतर पुसा. जुन्या टेपची तपकिरी पूड काडीवर येईल. कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे टॅब तोडायला विसरू नका, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर बैठक गेली.

डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरवर नेणारी छोटी पेटी) लाइन-इनमध्ये जोडा. माइकच्या खाचेत घातलं तर आवाज फाटेल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घ्या आणि सर्वात मोठी तान उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. अख्खी बाजू एकाच फाइलमध्ये घ्या. या मापाने मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटला दीड जीबी. पन्नास कॅसेटना ७८ जीबीच्या आसपास. सगळ्या कॅसेट ९० मिनिटांच्या असल्या तरी एका पेनड्राइव्हचं काम.

आवाज दबलेला वाटला तर हेडचा कोन बघा. हेडच्या शेजारी स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. आवाज मोनो करून तो पाव-पाव वळसा फिरवा आणि झांज किंवा तंबोऱ्याची जवारी जिथे सगळ्यात लखलखीत येते तिथे थांबा. आधीची जागा पेनाने खूण करून ठेवा. डॉल्बी (डेकवरची खरखर कमी करणारी सोय) बंदच ठेवा, वडिलांनी कव्हरवर तसं लिहिलं असेल तरच लावा.

आता ज्या चुकीने सर्वांत जास्त नुकसान होतं ती. खरखर काढणारं सॉफ्टवेअर अखंड वाजणाऱ्या आवाजाला खरखर समजतं. तंबोरा अखंडच वाजतो. सॉफ्टवेअरला खरखरीचा नमुना देताना तंबोरा सुरू होण्याआधीचे दोन-तीन सेकंद निवडा आणि सहा डेसिबलवर थांबा. वीस डेसिबल काढलेत तर गवई विहिरीत बसून गातोय असं वाटेल. आणि हे सगळं प्रतीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा.

टेप पळतेय की रेंगाळतेय हे पट्टीवरून कळतं. गतीत सुमारे सहा टक्क्यांचा फरक म्हणजे अर्ध्या स्वराचा फरक, काळी एकची पांढरी दोन होते. मात्र जुन्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाला लावलेल्या असतीलच असं नाही. तेव्हा कानाला माणसाचा आवाज खरा वाटतो का, तेही बघा.

फाइलच्या नावात तारीख, ठिकाण, गायक, राग, कॅसेटचा क्रमांक आणि बाजू लिहा. कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. तबल्यावर कोण होतं हे घरातलं कुणी आज सांगू शकत असेल तर आजच विचारा. यूट्यूबवर टाकायचं असेल तर गायकाची किंवा वारसांची परवानगी हवी. गाणाऱ्याचा हक्क मैफलीनंतर ५० वर्षं टिकतो, टेप तुमच्या वडिलांनी केली असली तरी.

शाळेतल्या मुलांनी गायलेली जुनी आरती यूट्यूबवर टाकली, तर एका कंपनीचा ‘क्लेम’ आला. आरती तर शेकडो वर्षांची! – एक शिक्षिका, ठाणे

क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. चॅनेलला धोका नाही, बहुधा जाहिरातीचे पैसे तेवढे तिकडे जातात. शब्द जुने असले तरी तुम्ही मागे वाजवलेला ट्रॅक कंपनीचा असू शकतो किंवा चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची. क्लेम उघडला की कुठला भाग जुळला ते मिनिट-सेकंदांसह दिसतं, आधी ते ऐका. मुलांनी पेटी-तबल्यावर पारंपरिक चालीत गायलं असेल तर हरकत नोंदवा. कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. पाच दिवसांच्या आत हरकत घेतलीत तर पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवली जाते.

हक्कांच्या मुदती लक्षात ठेवा: रेकॉर्डिंगवर प्रकाशनानंतर ६० वर्षं, शब्द आणि चालीवर कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे. त्यामुळे १९६०ची तबकडी हक्कमुक्त झाली तरी तिच्यावरचं गाणं मोकळं झालं असं नव्हे.

ॲपवर डाउनलोड केलेली नाट्यगीतं एक दिवस राखाडी दिसू लागली, वाजेनात. वर्गणी चालू आहे. – एक वाचक, मुलुंड

ॲपमधलं डाउनलोड ही तुमची फाइल नसते. ती कुलूपबंद प्रत असते आणि कंपनीचा ॲपशी करार संपला की किल्ली जाते. आधी तेच गाणं पुन्हा शोधा, अनेकदा ते दुसऱ्या अल्बममध्ये परत आलेलं असतं. ॲपच बंद होतात तेही धरून चाला. रेसो जानेवारी २०२४मध्ये भारतातून गेलं, विंक त्याच वर्षी. बंद होण्याची सूचना आली की प्लेलिस्टची यादी आधी उतरवून घ्या. जी गाणी आयुष्यभर हवीत त्यांची सीडी घ्या किंवा विकत मिळणारी फाइल. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं, पण तिथून घेतलेली सीडी आजही वाजते.

लॉसलेस (काही न गाळता दिलेल्या) आवाजासाठी जादा पैसे भरावेत का? मी लोकलमध्ये ब्लूटूथ इअरफोनवर ऐकतो. – एक वाचक, डोंबिवली

नको. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवर आवाज बहुतेक वेळा पुन्हा दाबूनच जातो, एलडीएसीसारख्या चांगल्या कोडेकमध्येही (आवाज दाबण्याची पद्धत) जास्तीत जास्त ९९० किलोबिट. वर डब्याचा खडखडाट. मोबाइल डेटावर ९६ किलोबिट ठेवा, तासाला ४३ एमबी लागतील. ३२० किलोबिटला १४४ लागतात. घरी तार असलेला हेडफोन लावून बसत असाल तर एक महिन्यासाठी भरून बघा, आणि तुलना करताना दोन्हीकडे आवाजाची पातळी सारखी ठेवा. मोठा वाजणारा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो.