क्षमा मिळाली, तरी मन का मानत नाही?

“देवाने मला खरोखर क्षमा केली असेल का?” हा प्रश्न जालना, परभणी, छत्रपती संभाजीनगर या भागांतील ख्रिस्ती मंडळींकडून मी सतत ऐकत आले आहे. विचारणारे बहुधा श्रद्धाळू असतात आणि एकच पाप वर्षानुवर्षे कबूल करीत असतात. काहींना मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील, पवित्र आत्म्याच्या निंदेला क्षमा नाही, हे वचन छळते. तेथे येशू बोलतो ते देवाचे काम डोळ्यांदेखत पाहूनही त्याला सैतानाचे काम म्हणणाऱ्यांशी. केलेल्या चुकीने रात्ररात्र तळमळणारा माणूस त्यांच्यातला नव्हे, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. (झोप आणि भूक दोन्ही उडाली असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. औषध घेतल्याने विश्वास उणा ठरत नाही.)

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका निवृत्त शिक्षकांची हकिकत सांगते. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, त्या काळापासून आपले घराणे विश्वासात आहे, याचा गुरुजींना अभिमान होता आणि टोचणीही त्याचीच होती. वडील गेल्यावर, भाचीच्या लग्नाला पैसे देतो असे सांगून त्यांनी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. लग्न झाले, पैसे दिले नाहीत. तेव्हापासून दर रविवारी ते चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत आणि प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून घेतल्या जाणाऱ्या भाकरीचे, ताट आले की मान खाली घालून पुढे सरकवीत.

“ताई, नवीन माणसाला देव माफ करील. मी तर बायबल शिकवीत होतो.”

“मग आजवर काय केलंत?”

“उपास केले. दशांशापेक्षा जास्त दान दिलं. पण मन काही हलकं होत नाही.”

मी उपदेशाला घाई करीत नाही. ओळखीचा उताराच पुन्हा सावकाश वाचायला लावते, कारण माणूस जिथे अडखळतो तिथेच त्याची गाठ असते, असा माझा विश्वास आहे. गुरुजींना लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला मोठ्याने वाचायला सांगितला. बापाकडून घेतलेली वाटणी उधळून परदेशात डुकरे चारताना मुलगा घरी परतायचे आणि बापासमोर काय बोलायचे ते ठरवतो, आणि त्याचे शेवटचे वाक्य असते, मला एखाद्या मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. घरी पोहोचल्यावर तो प्रत्यक्षात काय बोलतो, ते मी शोधायला सांगितले. गुरुजींचे बोट एकविसाव्या ओवीवर थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

“मोलकऱ्याचं वाक्य इथे नाहीच.”

“का नसेल?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाप बोलूच देत नाही. झगा आणा म्हणतो, अंगठी आणा म्हणतो.” आणि थोड्या वेळाने, “मी सालगडी व्हायला निघालो होतो, ताई. उचल फेडायची, खाडे भरून काढायचे आणि पाडव्याला हिशेब मिटवायचा.”

तोवर हे त्यांना कोणी सांगितले नसेल असे नाही, पण स्वतःच्या शेतातल्या शब्दांत ते प्रथमच उमगले. क्षमेवर विश्वास न बसणाऱ्या पुष्कळ माणसांच्या मनात खोलवर ती कमावण्याची हौस दडलेली असते, असे माझे मत त्या दिवशी पक्के झाले. उपास आणि दान यांनी गुरुजी देवाचे देणे फेडू पाहत होते, जे फेडता येण्याजोगे नव्हतेच. फेडता येण्याजोगे देणे होते ते बहिणीचे, आणि नेमके तेच तसेच पडून होते.

म्हणून येणाऱ्यांना मी लूकच्याच शुभवर्तमानातील जकातदार जक्कयाच्या गोष्टीतला क्रम दाखवते. येशू आधी त्याच्या घरी उतरतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कय त्यानंतर करतो. क्षमा मिळावी म्हणून परतफेड नव्हे, मिळाली म्हणून परतफेड. दुखावलेल्या माणसाने मात्र लगेच गळ्यात पडावे, अशी अपेक्षा धरू नये. त्याची क्षमा देवाच्या नावाने मागून घेता येत नाही.

गुरुजी आता निवृत्तिवेतनातून दरमहा रक्कम पाठवतात आणि प्रभुभोजन घेतात. बहीण पैसे ठेवून घेते, फोन मात्र उचलत नाही. तिच्या दारात जाऊन उभे राहावे की तिच्या बोलावण्याची वाट पाहावी, यावर सध्या आमचे बोलणे चालू आहे.