निराधार योजनेसाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करून 22 दिवस झाले. दाखला किती दिवसांत मिळायला हवा?

उत्पन्नाचा दाखला 15 दिवसांत मिळायला हवा, म्हणजे अर्जात त्रुटी नसेल तर ती मुदत उलटून गेलीये आणि तुम्ही आजच अपील करू शकता. ही मुदत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली ठरवून दिलेली आहे. 'साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात या' हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. आधी पावतीवरचा अर्ज क्रमांक 'आपले सरकार' पोर्टलवर टाकून बघा. 'त्रुटी' म्हणून अर्ज परत आला असेल (बहुतेकदा रेशनकार्डाचं मागचं पानच स्कॅन केलेलं नसतं), तर तो आधी दुरुस्त करा, कारण दिवस मोजले जातात ते कागदपत्रं पूर्ण असलेल्या अर्जापासून. तिथे नुसतंच 'प्रलंबित' दिसलं तर:

- मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करा, पोर्टलवरूनच होतं.
- त्यावर 30 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. पुढे दुसरं अपील, मग थेट राज्य लोकसेवा हक्क आयोग.

सबळ कारणाशिवाय उशीर केल्याचं ठरलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. दंड क्वचितच होत असेल, पण अपिलाचा क्रमांक पडला की फाइल हलते.

मात्र हे 15 दिवस फक्त दाखल्याचे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज वेगळा, तो समितीपुढे जातो. आणि दाखल्यावर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या वर लागलं, तर तिथेच अडतं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50,000 आहे.